नाव न घेणाऱ्या बाईची क्लिप

मी सांगलीतल्या एका कॉलेजात नवमाध्यमं आणि वक्तृत्व हे विषय शिकवते. पहिल्या विषयामुळे मोबाइल बिघडला की शेजारी मला हाक मारतात आणि दुसऱ्यामुळे नातेवाईक बारशाचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात घालतात. मला ह्यातलं काहीच येत नाही. जे येतं ते फारसं उपयोगाचं नाही. एखादा माणूस बोलू लागला की तो हे आत्ताच का बोलतोय, कुणाच्या कानावर जावं म्हणून बोलतोय आणि काय बोलायचं टाळतोय, हे शोधत बसायचं. आमच्यात ह्याला संज्ञापन म्हणतात. घरात ह्याला संशयी स्वभाव म्हणतात, आणि त्याचा मला पगार मिळतो ह्याचं घरच्यांना अजून नवल वाटतं.

त्यामुळे एक गृहस्थ स्टाफरूमच्या दारात चपला काढून आत आले, तेव्हा माझं लक्ष आधी त्या चपलांकडे गेलं. स्टाफरूममध्ये कुणी चपला काढत नाही. जो काढतो त्याला काहीतरी हवं असतं.

कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात पिशवी, पिशवीत गुळाची लहान ढेप. ती त्यांनी माझ्या टेबलावर, तपासायच्या पेपरांवर ठेवली.

“मॅडम, तुमीच न्हवं का आवाजाच्या डॉक्टर?”

मी डॉक्टर आहे, पण आवाजाची नाही, असं मी सांगितलं.

“मग कशाच्या?”

“बोलण्याच्या.”

“तेच की,” ते म्हणाले आणि बसले.

ते आले होते विट्याच्या पुढे, साताऱ्याची हद्द सुरू होते तिथल्या एका कोरडवाहू गावातून. त्यांची बायको तिथली सरपंच होती. स्वतःची ओळख त्यांनी “मी सरपंचबाईंचा मालक” अशी करून दिली. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतातच, पण त्यांच्या तोंडून ते एखाद्या पदासारखं वाटलं. मीही ह्या लेखात त्यांना मालकच म्हणणार आहे. त्यांचं खरं नाव इथे येणार नाही. का, ते पुढे कळेल.

मालकांची अडचण अशी. गावाचा मोबाइलवर एक ग्रुप होता. विट्याकडच्या गावांतली बरीच माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात. ती राहतात परमुलखात, पण गाव चालवतात ह्या ग्रुपवरून. देवळाला रंग कुठला, तमाशा कुठला, सरपंच कोण, सगळं तिथे ठरतं. त्या ग्रुपवर सरपंचबाईंची म्हणून एक क्लिप आली होती. फोनवरचं बोलणं, एकाच बाजूचं, मिनिटभराचं.

मालकांनी ती लावली. स्टाफरूममधले बाकीचे प्राध्यापक एकाएकी पेपर तपासण्यात गढून गेले.

एक बाई हसत हसत बोलत होती. “आगं, टाकीचं उद्घाटन दोनदा झालं, पाणी एकदा पन आलं न्हाई. साहेबांचं भाषण म्हंजे आमच्या टाकीगत. भाईरनं रंग, आत ठणठण.” मग हसणं. मग, “आन आमच्या अमक्याला काय, फेटा बांधला की गडी खूश. आवं अमकेराव, म्हनलं, फेटा सोडला की आत काय हाय?” आणि पुन्हा हसणं, जरा जास्तच मोकळं.

‘अमक्या’ हा शब्द माझा. क्लिपमध्ये तिथे नवऱ्याचं नाव होतं. आधी मोडून, एकेरी. मग राव लावून, ते आणखी वाईट.

साहेब म्हणजे त्या भागातले पुढारी. ग्रामपंचायतीतलं पॅनेल त्यांचंच होतं. साहेबांचा अपमान झाला म्हणून उपसरपंचांनी अविश्वास ठरावाची तयारी चालवली होती. सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं आणि उपसरपंचांच्या सौभाग्यवती सदस्य होत्या, तेव्हा अपमान त्यांना इतका का लागला हे मला फार विचारावं लागलं नाही.

“तर मॅडम, हे एआयनं केल्यालं हाय, आसं तुमी येऊन सांगायचं.”

इथे माझा संशय कान टवकारून बसला. गेल्या काही वर्षांत माझ्या कानावर आलेली प्रत्येक क्लिप, ज्याची होती त्याच्या मते, एआयनंच केलेली आहे. पूर्वी माणूस म्हणायचा, माझ्या बोलण्याचा विपर्यास केला. त्यात निदान बोललो एवढं कबूल असायचं. आता तेवढाही त्रास कुणी घेत नाही. यंत्रानं माणसाचा आवाज काढायला शिकावं आणि त्याचा पहिला फायदा खरं बोलून अडकलेल्यांना व्हावा, ह्यावर मी वर्गात एक तास घेते. मुलं झोपतात.

मी मालकांना म्हटलं, असं कानानं ऐकून कुणालाच सांगता येणार नाही. त्यांना मूळ फाइल, प्रयोगशाळा वगैरे सांगू लागले.

“ती भानगड न्हाईच मॅडम,” ते पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले. “ती माझं नाव घेती त्यात. दोन बार! आमच्या लग्नाला इतकी वर्सं झाली, आता पोरीला जावई शोधायची येळ आली. हिनं माझं नाव घेतल्यालं उभ्या गावात कुणी ऐकलं न्हाई. आवं, आमच्या गावात माझ्या नावाचं आजून दोघं हायत. सरपंच म्हणून यादी वाचाय उठती, तर त्या दोघांचं पन नाव घेत न्हाई. ‘आमच्या ह्यांच्या नावाचे, खालच्या आळीचे,’ आसं म्हंती. सगळी हसत्यात. ती बाई फोनवर मला अमक्या म्हणंल?”

युक्तिवाद पहिल्या दर्जाचा होता. ‘असं करणारा हा माणूसच नव्हे’ हा वक्तृत्वशास्त्रातला फार जुना डाव आहे. पुरावा नसतो तेव्हा स्वभाव पुढे करायचा. पण मालकांनी तो शिकलेला नव्हता, त्यांना तो मनापासून पटलेला होता. मला मात्र नेमका तिथेच संशय आला, आणि त्याला कारण माझी आई.

आई साताऱ्याची. वडील सैन्यात. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, शाळेत कुणी “वडिलांचं नाव?” असं विचारलं की आई माझ्या पाठीत हलकेच बोट खुपसायची आणि मी खणखणीत आवाजात नाव सांगायचे. माझं वक्तृत्व तिथे सुरू झालं. बरीच वर्षं मला वाटायचं की आईच्या तोंडातून ते नाव निघूच शकत नाही, जसा मुक्याचा आवाज निघत नाही. मग एकदा उन्हाळ्यात मावशी आली होती. दोघी गच्चीवर सांडगे घालत होत्या आणि मी जिन्यात बसले होते. आई मावशीला काहीतरी सांगत होती आणि वडिलांचं नाव घेत होती. एकेरी. मोडून. वाक्यावाक्याला. शाळेतल्या आडदांड पोराचं घ्यावं तसं. मी वर गेल्याबरोबर ते नाव पुन्हा ‘हे’ झालं.

तेव्हापासून मला ठाऊक आहे की रीत ऐकणाऱ्यासमोर पाळायची असते. गच्चीवर ती नसते.

हे मी मालकांना सांगितलं नाही. येणार नाही, असं मात्र सांगितलं. ते नमस्कार करून गेले आणि दोन दिवसांनी त्यांच्याकडून मोबाइलवर एका फ्लेक्सचा फोटो आला. ‘ख्यातनाम आवाजतज्ज्ञ’ असं लिहून खाली माझा चेहरा. कॉलेजच्या वेबसाइटवरच्या एका ग्रुप फोटोतून तो कापलेला होता, कारण माझ्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात होता. फ्लेक्स गावच्या कमानीला लागला होता. रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात मी निकाल देणार होते, असं त्यावरून मला कळलं.

तरी मी गेले नसते. पण त्या रविवारी मला माहेरी जायचंच होतं, आणि साताऱ्याची वाट विट्यावरूनच आहे असं मी घरी सांगितलं. सांगलीहून साताऱ्याला जायचा हमरस्ता दुसरीकडून आहे, हे माझ्या नवऱ्याला चांगलं ठाऊक आहे.

जेवण सरपंचबाईंच्या घरी होतं. मालकांना मला सोप्यात, पाहुण्यांत बसवायचं होतं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. जिच्याबद्दल निकाल द्यायचा तिचं बोलणं निदान ऐकावं, एवढाच हेतू होता.

चाळिशीची, उंच, किरकोळ अंगाची बाई गॅसपुढे बसून ज्वारीच्या भाकरी थापत होती. गॅस तिनं जमिनीवरच ठेवला होता. दाराशी सासूबाई सुपात डाळ निवडत होत्या.

“बसा मॅडम. खुर्ची आणाय लावू?”

“नको, खालीच बसते.”

“तुमच्यासाठनं मंडपात एक कोच आणून ठिवलाय. लगीन लागल्यागत.” ती हसली नाही, पण हसू तोंडातच ठेवलंय हे कळत होतं.

सासूबाईंनी मला नीट न्याहाळलं. “बाई, तुमी घेता का नवऱ्याचं नाव?”

“घेते की.”

“सगळ्यांम्होरं?”

“सगळ्यांसमोर. एकेरीच.”

“आन त्यो वळून बघतो?”

“कधीकधी.”

“मग काय उपेग,” असं म्हणून त्यांनी सूप झटकलं आणि बायकांत पुढची जागा मिळायला हवी म्हणून त्या देवळाकडे निघाल्या.

आम्ही दोघीच राहिलो. मी इकडचंतिकडचं विचारलं. ती तेवढ्यास तेवढं बोलत होती. टाकी बांधून झाली, पाइप झाले, विहिरीवर मोटार बसली. मोटारीचं वीज कनेक्शन राहिलं होतं. ते नसतानाच साहेबांनी एकदा टाकी बांधल्यावर आणि एकदा पाइप झाल्यावर टाकीचं उद्घाटन केलं होतं. कनेक्शनसाठी ती विट्याच्या वीज ऑफिसात खेटे घालत होती. तिथले अधिकारी म्हणायचे, मालकांना पाठवा. ती म्हणायची, सही माझी लागती, मीच येणार. गाव अजून टँकरच्या पाण्यावर होतं. हे सगळं ती सरकारी भाषेत सांगत होती. ‘प्रस्ताव सादर केलाय’, ‘पाठपुरावा चालूय’. मी मनात म्हटलं, ही क्लिपमधली बाई नव्हे. तिथं कशी वाक्यं उड्या मारत होती.

तेवढ्यात अंगणातून मालकांची हाक आली. “आवरलं का? मॅडमना घिऊन या, माणसं बसल्यात!”

भाकरी तव्यावर होती. ती उलटता उलटता, दाराकडे न बघताच, सरपंचबाई म्हणाल्या, “आला अमक्या. बांधला बघा फेटा.”

मी दाराकडे पाहिलं. मालकांच्या डोक्यावर खरंच फेटा होता, गुलाबी, तुरा काढलेला.

तीच ढब. नावाचं शेवटचं अक्षर तसंच खाली सोडलेलं, त्यात चीड नाही, जरा माया, जरा थट्टा. मी मागे वळले तेव्हा ती माझ्याकडेच पाहत होती. भाकरी फुगली. तिनं ती काढून टोपलीत ठेवली आणि गॅस बंद केला.

“ऐकलं न्हवं?”

“ऐकलं.”

“मग झालं तर. तुमाला कामाला बलवलंय, काम झालं.”

मग तिनं सांगितलं. फोनवर तिकडे तिची बहीण होती, मिरजेची. बहिणीच्या फोनमध्ये सगळी बोलणी आपोआप साठत होती, हे बहिणीलाही ठाऊक नव्हतं. “दाजींना घावलं. हासाय लागले, आन माझं बोलणं तेवढं कापून हासाय म्हणून धाडलं दोस्ताला. त्यानं आजून एकाला. हासत हासत आलं हितवर.”

“मालकांना माहीत आहे?”

“न्हाई. त्यांला खरंच वाटतंय मशीननं केलंय.” ती परातीतलं पीठ गोळा करू लागली. “मी नाव घेईन हे त्यांच्या डोसक्यातच येत न्हाई. एवढं सांगावं तर त्यांचा जीव जाईल. सह्या करून पद गेलं तरी मानूस जगतंय.”

“मला विचारतील.”

“सांगा की. खोटं बोला म्हणाय मी तुमाला बलवलं न्हाई. मी बलवलंच न्हाई.” परात तिनं बाजूला सारली. “पर एक सांगते. मी गेले की ते कनेक्शन राह्यलं. उपसरपंचाला तिसरं उद्घाटन पायजे, पाणी नगं. आन दुसरं. चार दिस झालं क्लिप फिरतीया. आवाज माझा का मशीनचा, ह्यावर सगळं गाव बोललं. पार मद्रासवाले बोलले. टाकीत पाणी न्हाई हे खरं का खोटं, हे एकानं इचारलं न्हाई.”

तिनं वाढलेल्या भाकरीचा तुकडा मी मोडला होता, तो तसाच हातात राहिला. वर्गात हे समजावून द्यायला मला पाऊण तास लागतो.

सभामंडपात पुरुष पुढे, बायका मागे, आणि मधल्या टेबलावर एका नारळाला टेकवून उभा केलेला मोबाइल. त्यात परमुलखातली मंडळी चौकोनाचौकोनात बसली होती. एकाच्या मागे भट्टी दिसत होती. निकालाच्या आधी माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. फेटा मी नको म्हटलं, तर मालकांना फार वाईट वाटलं. सत्कार आधी आणि मत नंतर, ह्या क्रमाचाही मला संशय आहे. अंगावर शाल असलेला माणूस सहसा कुणाला दुखवत नाही. उकडतंही.

उपसरपंच बोलायला उठले. “आज या ठिकाणी” अशी त्यांनी सुरुवात केली. हे ‘या ठिकाणी’ काढून घेतलं तर आमच्या दोन जिल्ह्यांतली भाषणं निम्म्यावर येतील. आवाज आपल्या सरपंचांचाच आहे, या ठिकाणी लहान पोरही ओळखेल, साहेबांचा अपमान म्हणजे या ठिकाणी गावाचा अपमान, तेव्हा सदस्यांनी आजच सह्या कराव्यात, असं ते म्हणाले. सदस्य एकमेकांकडे पाहू लागले. सरपंचबाई डोक्यावर पदर घेऊन टेबलामागे बसल्या होत्या. सदस्य सह्या करायला उठले असते तर त्यांना त्या खुर्चीवरून उठावं लागलं असतं, एवढं ते साधं होतं.

तेव्हा मागून सासूबाई उभ्या राहिल्या.

“आरं, सह्या करा, पर आदी माझं ऐका. माझ्या सुनंनं नाव घेतल्यालं कुणी ऐकलंय? हात वर करा.”

कुणी हात वर केला नाही.

“लग्नात उखाणा घे म्हनलं तर घामेघूम झाली ही. शेवटाला मीच घेतला. आन आता म्हंता ही फोनवर अमक्या म्हनली?”

हशा झाला. मालक फेट्याखाली लाजले. मागची एक बाई म्हणाली, “मतदानाला बी ‘ह्यांचं नाव’ म्हणून चिठ्ठी दाखवती, आमी बगितलंय.” खालच्या आळीचे, मालकांच्याच नावाचे, एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, “आवं, माझं सुदीक नाव घेत न्हाई ती! माझा काय दोष?” आता सगळा मंडप हसत होता. नारळाला टेकलेल्या मोबाइलमधून कुणीतरी ओरडलं, “बरोबर हाय, बरोबर हाय!” आणि आवाज तिथेच अडकला.

निकाल लागला होता. मी अजून उठले नव्हते.

माझ्या हातात माइक दिला गेला. जेवताना मी तीन वाक्यं जुळवून ठेवली होती, ती म्हटली. असा आवाज यंत्राला काढता येतो. माणसालाही काढता येतो. नुसत्या ह्या क्लिपवरून तो कुणी काढला हे मला सांगता येणार नाही. तिन्ही वाक्यं खरी होती. खऱ्या वाक्यांनी काय काय झाकता येतं हे मी मुलांना शिकवते, त्यामुळे मी काय करत होते हे मला ठाऊक होतं. टेबलामागे पदर जरासुद्धा हलला नाही.

मग मी एक चौथं वाक्य बोलले, ते जुळवलेलं नव्हतं. म्हटलं, “क्लिपमध्ये म्हटलंय की टाकीचं उद्घाटन दोनदा झालं आणि पाणी एकदाही आलं नाही. हे खरं आहे का?”

मग उपसरपंच आदरानं म्हणाले, “मॅडम, विषयाला धरून बोला.”

“त्यो इषय न्हाई तर कंचा इषय रं?” मागून एक म्हातारी म्हणाली. “चार दिसांनी टँकर येतोय, आन ह्येंचा इषय आवाजाचा.” दोघीतिघींनी तिला दुजोरा दिला. पण तोवर माइक कुईकुई करू लागला होता, आणि आभार मानायला एकजण पुढे झाला होता. त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. रीतीनं तिला सोडवलं, मी नाही. आणि जी रीत तिनं गेली कित्येक वर्षं बहिणीजवळ मोडली होती, त्याच रीतीच्या जामिनावर.

साताऱ्याला पोचेपर्यंत ग्रुपवर मजकूर पडला होता. मालकांनी तो कौतुकानं मला पाठवला. ‘सांगलीच्या ख्यातनाम तज्ज्ञांनी क्लिप बनावट असल्याचा निर्वाळा दिला.’ मी लगेच उलट कळवलं की मी असं म्हटलेलं नाही, दुरुस्ती टाका. त्यांनी जोडलेले दोन हात पाठवले. दुरुस्ती कधीच पडली नाही. ज्या माध्यमाबद्दल मी शिकवते त्यानं मला एका संध्याकाळीत, माझ्याच नावानं, माझ्या न बोललेल्या वाक्यासह फिरवलं. आईला मी हे सगळं सांगितलं. आई म्हणाली, “तिनं तुला मुद्दाम ऐकवलं असणार.” मी म्हटलं, “कशावरून?” आई म्हणाली, “भाकरी करताना बाईच्या तोंडून चुकून काही निघत नाही.” आणि तिनं विषय बदलला.

हे माझ्या डोक्यात राहिलं. म्हणजे सरपंचबाईंनी माझ्यावर भरवसा टाकला होता की माझी परीक्षा घेतली होती? की मला सामील करून घेतलं होतं? आणि सामील करून घ्यायला विश्वासासारखं दुसरं साधन नाही, हेही मी शिकवते. गूळ मात्र चांगला निघाला.

पावसाळा संपता संपता एका सकाळी मला त्यांचा फोन आला. आवाज तोच, पण बोलणं असं की जणू समोर लाउडस्पीकर आहे. “नमस्कार मॅडम. सरपंच बोलते. आपल्या मार्गदर्शनाबद्दल ग्रामपंचायतीतर्फे आभार. साहेबांच्या सहकार्यानं वीज कनेक्शनचं काम मार्गी लागलंय. पाणीपुरवठा सुरू झालाय. आमच्या ह्यांनी सुदीक लय कष्ट घेतले.”

मी अभिनंदन केलं. हा फोन कुठे साठवला जातोय, कोण ऐकणार आहे, हे ती गृहीत धरून बोलत होती. तिची चूक नव्हती. मला वाईट वाटलं. क्लिपमधली ती हसणारी बाई आता मिरजेच्या बहिणीशीसुद्धा असंच बोलत असणार, असं मला वाटलं. पद राहिलं, पण गच्ची गेली.

“ठेवते मॅडम. तिसरं उद्घाटन हाय पुढल्या महिन्यात. साहेब येणार हायत. तुमाला पत्रिका येईल.”

“नक्की,” मी म्हटलं.

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. पातेल्याची खडखड ऐकू आली, कोंबड्या, मग पायऱ्या चढल्यासारखी पावलं. आणि मग, लांबून, पण पूर्ण गळ्यानं, क्लिपमधल्या त्या बाईची हाक, थेट मालकांनाच.

“अमक्याऽऽ! मोटार बंद कर की रं! टाकी भरली!”

मी पटकन फोन कापला. आधी माझ्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन बोलणी आपोआप साठत नाहीत ना, ते पाहिलं. साठत नव्हती. फोन चुकून चालू राहिला होता की नाही, हे आईला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं.